आधी कॅम, मग ठिणगी

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचावर आहे. किनाऱ्याकडून येणाऱ्या गाडीला तिथे पोचायला घाट चढावाच लागतो. पावसाळ्यात लेंडी नदीवरचा दाभोसा धबधबा पाहायला मुंबई-नाशिकच्या गाड्यांची रांग लागते, पण या रस्त्यांवर वर्षभर राबणाऱ्या गाड्या वेगळ्याच. त्या बाजाराला माणसं नेतात, आश्रमशाळेत पोरं सोडतात आणि रात्री-अपरात्री एखाद्या बाळंतिणीला जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात पोचवतात. त्यांत डिझेलच्या जीप पुष्कळ, आणि त्यांच्या जोडीला पेट्रोलवरची ओम्नी आणि ईको. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो, तेव्हा जीप इथे बाजूला ठेवू. ओम्नी-ईकोची वंशावळ मात्र आपल्या विषयाला नेमकी लागू पडते. मारुतीची ही व्हॅन १९८४ मध्ये आली आणि २०१९ मध्ये ओम्नीचं उत्पादन थांबलं. ईको २०१० ची. नोव्हेंबर २०२२ मध्ये ईकोला नवं इंजिन मिळालं. या एवढ्या काळात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा, आणि ठिणगी यांचं नातं मुळापासून बदललं.

ते नातं काय, यावर दोन माणसांत वाद लावून दिला आहे. एक आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवून निवृत्त झालेले निदेशक, दुसरा जव्हार-दाभोसा रस्त्यालगत गॅरेज चालवणारा त्यांचा जुना विद्यार्थी. दोघंही कल्पित आहेत. इंजिनं, भाग आणि त्यांचं वागणं मात्र खरं आहे. गॅरेजमध्ये कार्बोरेटरवाली जुनी ओम्नी उभी आहे. टायमिंग बेल्ट नुकताच बदललाय. सेल्फ मारला की लगेच चालू होते, आयडलला आवाजही गुळगुळीत आहे. पण सीटा भरून दाभोशाकडून वर येताना गाडी दुसऱ्या गिअरमध्येही रडते.

मेकॅनिक : सर, टायमिंग लाइट लावून बघितलं. क्रँकची खूण जिथे पाहिजे तिथेच आहे, ठिणगी बरोबर येतेय. आता डिस्ट्रिब्युटर अजून थोडा अ‍ॅडव्हान्सला फिरवतो, म्हणजे पिकअप येईल.

निदेशक : बेल्ट टाकल्यावर गाडी लगेच चालू झाली होती का?

मेकॅनिक : आधी नाही झाली. सायलेन्सरमधून फाट-फाट करत होती. मग डिस्ट्रिब्युटर फिरवला, तशी लागली.

निदेशक : किती फिरवला?

मेकॅनिक : बऱ्यापैकी. खाचेच्या पार टोकाला गेलाय बोल्ट.

निदेशक : मग थांब. आणखी फिरवू नकोस. तो बोल्ट टोकाला का गेला, ते आधी सांग मला.

मेकॅनिक : नवीन बेल्ट आहे, काहीतरी इकडे-तिकडे झालं असेल. पण आता लाइट बरोबर दाखवतोय ना? मग भांडण कशाचं?

निदेशक : लाइट काय दाखवतो? एक नंबरच्या प्लगला ठिणगी गेली तेव्हा क्रँक कुठे होता, एवढंच. व्हॉल्व्ह कधी उघडला, कधी मिटला, याबद्दल त्याला काही कळत नाही. या इंजिनात प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर फिरतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमची एक. बेल्ट एक दात चुकला की कॅम मागे राहतो आणि त्याच्यासोबत ठिणगीही मागे राहते. तू डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी जागेवर आणलीस. कॅम होता तिथेच राहिला.

इथे आकडा मांडून बघणं गरजेचं आहे, कारण ‘एक दात’ ऐकायला फार किरकोळ वाटतो. समजा, कॅमच्या पुलीला ४० दात आहेत. एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश. क्रँक दुप्पट फिरतो, म्हणून क्रँकच्या हिशेबात १८ अंश. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल तर क्रँक सेकंदाला १८,००० अंश फिरतो, म्हणजे हे १८ अंश बरोबर एक मिलिसेकंद. ठिणगी पडल्यापासून सिलिंडरमधलं मिश्रण जळून दाब वाढायला काही मिलिसेकंदांचाच वेळ लागतो. म्हणून तर ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधी टाकतात. पिस्टन टॉपवरून खाली वळल्यावर सुमारे पंधरा अंशांच्या आसपास दाब सगळ्यात जास्त असावा, म्हणजे क्रँकला सर्वात चांगला रेटा मिळतो. त्या हिशेबात एक मिलिसेकंद पुढे-मागे होणं म्हणजे सगळा हिशेब पालटणं. आणखी एक गोष्ट. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणून त्याचं अंग ५ अंश फिरवलं की ठिणगी १० अंश सरकते. हाताला थोडंसं वाटतं, इंजिनाला ते फार असतं.

मेकॅनिक : मान्य, कॅम मागे आहे. पण ठिणगी तर मी भरून काढली. जाळायचं काम ठिणगीचं. मग ओढ का जाते?

निदेशक : कारण जाळायला आत काय उरलंय ते कॅम ठरवतो. पिस्टन खालून वर यायला लागल्यावरही इनलेट व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडा असतो, तशीच रचना आहे. जोरात फिरणाऱ्या इंजिनात आत येणाऱ्या हवेला वेग असतो, ती शिरत राहते. पण घाटात, कमी फेऱ्यांवर, हवेला तेवढा वेग नसतो. तेव्हा व्हॉल्व्ह अठरा अंश उशिरा मिटला तर पिस्टन भरलेलं मिश्रण पुन्हा इनटेकमध्ये ढकलतो. आत मिश्रण कमी, दाब कमी. ठिणगी कितीही बरोबर टाकलीस तरी जे आतच नाही ते जळणार कसं?

मेकॅनिक : म्हणजे सपाटीला, वेगात गाडी बरी चालेल?

निदेशक : बरी चालेल. म्हणूनच गिऱ्हाईक म्हणेल, हायवेला ठीक आहे, फक्त चढाला रडते. मग तू कार्बोरेटर खोलशील, क्लच प्लेट बघशील, पेट्रोलला नावं ठेवशील.

मेकॅनिक : क्लच बघितलाच मी.

या वादात माझा कल निदेशकांच्या बाजूला आहे. पण मेकॅनिक आडमुठा नाही. त्याच्या हातातली सवय कुठून आली, हे समजून घेतल्याशिवाय त्याला चूक म्हणणं अन्यायाचं होईल.

मेकॅनिक : सर, मी ज्या उस्तादाकडे काम शिकलो, त्यांनी जन्म पेट्रोल जीपवर काढला. महिंद्राची विलीज जातीची जुनी जीप. गाडी चालू होईना की ते डिस्ट्रिब्युटर फिरवायचे आणि गाडी खरंच बरी व्हायची. घाट चढायची. तेव्हा कुणी कॅमचं नाव नाही काढलं.

निदेशक : त्या जीपमध्ये ते बरोबरच होतं. तिथे कॅम खाली ब्लॉकमध्ये. कॅमच्या गिअरवर ऑइल पंप फिरतो आणि पंपाच्या दांड्यावर डिस्ट्रिब्युटर. कुणी ऑइल पंप काढून एक दात चुकवून बसवला की कॅम जागेवर आणि ठिणगी मात्र सरकलेली. तिथे डिस्ट्रिब्युटर फिरवणं हाच खरा उपाय. ओम्नीत उलटं झालंय. इथे बेल्टने आधी कॅम सरकवला आणि कॅमने ठिणगी ओढून नेली. लक्षण एकच दिसतं, कारण वेगळं.

मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. गॅरेजमधलं ज्ञान बहुतेक वेळा असं उतरत जातं: एका इंजिनावर खरं ठरलेला उपाय दुसऱ्या इंजिनावर जातो, पण तो कशामुळे खरा होता हे मागेच राहतं. उस्ताद चुकला नव्हता. पुढच्या पिढीला इंजिन बदललेलं मिळालं, पण त्यासोबत कारण सांगणारं कुणी मिळालं नाही.

मेकॅनिक : बरं, पण मला एक सांगा. या गाडीची रिंग घासलेली असू शकते. लाखाच्या वर चाललीय. कॉम्प्रेशन कमी असेल तर ते रिंगचं की कॅमचं, कसं ओळखायचं? तेवढ्यासाठी इंजिन खोलायचं का? या माणसाची गाडी एक दिवस उभी राहिली की त्याचा तेवढा धंदा बुडतो. डिस्ट्रिब्युटर फिरवायला पाच मिनिटं लागतात.

निदेशक : इंजिन खोलू नकोस. तिन्ही प्लग काढ, थ्रॉटल पूर्ण उघडा धर आणि एकेका सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लाव. रिंग किंवा व्हॉल्व्ह गेले असतील तर बहुधा एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा वेगळा आकडा देईल. तिन्ही सारखेच कमी आले तर आधी कॅमवर संशय घे, कारण कॅम तिघांचा एकच. मग सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल टाकून पुन्हा माप. रिंग घासल्या असतील तर ऑइलने फट बुजते आणि आकडा चांगला चढतो. फारसा चढला नाही तर रिंगला दोष देऊ नकोस.

मेकॅनिक : तिन्ही रिंग सारख्याच घासल्या असतील तर?

निदेशक : म्हणूनच ऑइल टाकायचं. आणि गेजच्याही आधी तुला इशारा मिळाला होता. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट खाचेच्या टोकाला गेला. कंपनीने ती खाच बारीक जुळवणीसाठी ठेवलीय, दात चुकलेला बेल्ट झाकण्यासाठी नाही.

मेकॅनिक : सर, खुणेचं तुम्ही फार सांगता. पण खूण खुणेवर असूनही कॅम मागे असू शकतो. हे इंजिन एकदा गरम होऊन हेड वाकलं होतं, मशीन शॉपमध्ये हेड घासून आणलंय. कॅम हेडमध्ये आहे. हेड बसलं खाली, कॅम क्रँकच्या जवळ आला. बेल्टची ताणलेली बाजू तेवढी आखूड झाली. मग पुली थोडी मागे राहणारच की नाही? पुस्तकातली खूण त्या न घासलेल्या हेडची.

निदेशक : बरोबर आहे. हे मीही वर्गात पुरेसं सांगितलं नाही कधी.

मेकॅनिकचा हा मुद्दा पक्का आहे आणि मोजताही येतो. हेड अर्धा मिलिमीटर घासलं आणि पुलीची त्रिज्या साठ मिलिमीटर धरली, तर कॅम जेमतेम अर्धा अंश मागे राहतो, म्हणजे क्रँकचा एक अंश. एवढा फरक डिस्ट्रिब्युटरच्या खाचेत आरामात बसतो. अठरा आणि एक यांच्यात जे अंतर आहे, तेच या दोघांच्या वादातलंही खरं अंतर आहे. शर्यतीच्या इंजिनात खाचा असलेली कॅम पुली लावतात, ती हाच बारीक फरक काढण्यासाठी आणि मुद्दाम पुढे-मागे करण्यासाठी. जव्हारच्या ओम्नीला ती कुणी लावणार नाही. पण ती लावली तर काय घडेल, हा प्रश्न मेकॅनिकने विचारलाच.

मेकॅनिक : मग मुद्दाम कॅम थोडा पुढे घेतला तर? घाटाला ओढ वाढेल?

निदेशक : कमी फेऱ्यांवर वाढेल. इनलेट लवकर मिटेल, मिश्रण आत अडकेल, दाब वाढेल. वरच्या वेगाला थोडं गमवावं लागेल. पण या इंजिनात एक सापळा आहे. दाब वाढला की मिश्रण जास्त वेगाने जळतं आणि नॉकिंगचा धोका वाढतो. तेव्हा ठिणगी थोडी उशिरा हवी. आणि तू कॅम पुढे घेतलास की डिस्ट्रिब्युटरही पुढे जातो, ठिणगी आणखी लवकर पडते. इंजिनाला हवं होतं त्याच्या बरोबर उलट.

मेकॅनिक : आणि कॅम मागे पडला की?

निदेशक : तेव्हाही उलटच. मिश्रण कमी भरतं, सावकाश जळतं, त्याला ठिणगी जास्त आधी हवी. आणि ती मिळते जास्त उशिरा. दोन्हीकडून मार.

पिस्टनवर हातोडीने ठोकावं तसा नॉकिंगचा आवाज या घाटांत पुष्कळदा ऐकू येतो. गाडी भरलेली, वरचा गिअर, पाय पूर्ण दाबलेला. चालक त्याला पेट्रोलचा दोष समजतो. पण यामागे बहुधा एवढंच असतं की कुणीतरी पिकअपसाठी डिस्ट्रिब्युटर पुढे केलेला असतो आणि सिलिंडरमध्ये किती मिश्रण भरतंय याचा विचार केलेला नसतो. ही खडखड सतत चालली तर पिस्टन फुटू शकतो. ज्याचं घर त्या एका गाडीवर चालतं, त्याच्यासाठी फुटलेला पिस्टन ही किती मोठी गोष्ट असते, हे जव्हारच्या कुणालाही सांगायला नको.

मेकॅनिक : एवढं सगळं ओम्नीचं. ती हळूहळू संपतेय. ईकोत तर डिस्ट्रिब्युटरच नाही. तिथे कॅम हलला तरी ठिणगी हलत नाही. म्हणजे वाद मिटला.

निदेशक : निम्माच मिटला. हलत नाही, हे खरं. क्रँकच्या चाकावर दात असतात, सेन्सर ते मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्यावरून ठिणगी टाकतो. कॅमचा सेन्सर सांगतो, कुठला सिलिंडर आता कॉम्प्रेशनवर आहे. बेल्ट किंवा चेन ढिली होऊन कॅम मागे पडला तरी ठिणगी क्रँकच्या हिशेबातच येते. पण कॅम आणि क्रँक यांची सांगड बसत नाही, हे ईसीयूला कळतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर ‘पी ००१६’ असा कोड दिसू शकतो.

मेकॅनिक : म्हणजे जोडणी तुटली.

निदेशक : लोखंडाची तुटली. गरज तुटत नाही. कॅम सरकला की आत किती मिश्रण अडकलं ते बदलतं, आधीचा जळका वायू किती मागे राहिला ते बदलतं. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे राहिले तर जळका वायू मिश्रणात मिसळतो, आग मंदावते, ठिणगी आधी टाकावी लागते. आता ही नवी ईको घे, नोव्हेंबर २०२२ नंतरची. तिच्यात दोन्ही कॅम चालत्या इंजिनात पुढे-मागे होतात. तिथे ठिणगीही प्रत्येक क्षणी नव्याने ठरवावी लागते. ईसीयूकडे त्याचा तक्ता असतो: एवढ्या फेऱ्या, एवढा भार, कॅम इथे, तर ठिणगी एवढी आधी.

ही गोष्ट थोडी उलगडून सांगायला हवी. कॅम फिरता-फिरता सरकवण्याची कल्पना उत्पादनातल्या मोटारीत अल्फा रोमिओने १९८० मध्ये आणली. आपल्याकडे मारुतीच्या मोठ्या खपाच्या गाड्यांत ती २०११ च्या नव्या स्विफ्टमधून आली आणि आता ती ईकोपर्यंत पोचली. जुन्या इंजिनात कॅम एकाच जागी बांधलेला असतो, म्हणून घाट आणि हायवे यांच्यात तडजोड करावी लागते. नव्या इंजिनात घाटात एक जागा आणि हायवेला दुसरी. ओम्नीतही ठिणगीला दोन मदतनीस होते: वेग वाढला की बाहेर फेकली जाणारी वजनं आणि इनटेकच्या व्हॅक्यूमवर चालणारा डायफ्राम. वजनांना फक्त फेऱ्या कळायच्या, डायफ्रामला फक्त भार. कॅमची जागा बदललीय, हे दोघांपैकी कुणालाच कळलं नसतं.

मेकॅनिक : मग माझ्या हातात काय राहिलं? फिरवायला काहीच नाही.

निदेशक : ऑइल राहिलं. कॅम सरकवणारी पुली इंजिन ऑइलच्या दाबावर चालते. ऑइल जुनं, चिकट, गाळ साठलेला, तर पुली अडकते किंवा उशिरा हलते. ईसीयू त्याला हवा तिथे कॅम नेऊ शकत नाही, मग ठिणगीही सांभाळून, उशिरा टाकतो. गाडी चढाला रडते. गिऱ्हाईक तेच वाक्य बोलतं जे या ओम्नीवाल्याने ऐकवलंय. ऑइल कुठल्या ग्रेडचं, किती किलोमीटरला बदलायचं, हे आता टायमिंगचंच काम झालं.

मेकॅनिक : इथे ऑइल वेळेवर कोण बदलतं, सर? टाकी फुल करायला पैसे नसतात. वरून आणखी ओतून चालवतात.

निदेशक : तेच त्यांना समजावायला पाहिजे, आणि ते तूच समजावू शकतोस. माझ्या वर्गातून नाही होणार ते.

मेकॅनिक : समजावीन. पण या ओम्नीचा कॅम जागेवर आणल्यावर शेवटची जुळवणी मी पुस्तकाच्या अंशावर सोडणार नाही. इथली हवा वेगळी.

निदेशक : साडेचारशे मीटरवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे पाच टक्के कमी. त्याने ठिणगीत मोठा फरक पडत नाही.

मेकॅनिक : आणि घासलेलं हेड? त्याने कॉम्प्रेशन वाढलंय. पुस्तकाचा अंश इथे नॉकिंग करेल. मी सीटा भरून दाभोशाचा चढ चढवून बघणार, कान लावून. आयडलला मी काही ठरवत नाही.

निदेशक : सीटा भरून कर, चढावर कर, हरकत नाही. पण आधी बेल्ट कव्हर काढ, एक नंबरचा पिस्टन टॉपला आण, दोन्ही पुलींच्या खुणा बघ. मग बोल्ट खाचेच्या मध्यावर आण, लाइट लाव, पुस्तकाचा अंश धर. त्यानंतर चढावर गेलास तर ठिणगी फक्त मागे घ्यायची. खडखड थांबेपर्यंत, दोन अंश, फार तर तीन. पुढे घ्यायची नाही.

मेकॅनिक : पुढे घ्यायची गरज वाटली तर?

निदेशक : तर पुन्हा बेल्ट कव्हर काढ.

मेकॅनिकने पाना उचलला, पण अंशांबद्दलचा त्याचा आक्षेप त्याने मागे घेतला नाही. हेड किती घासलंय ते मशीन शॉपवाल्याला विचारून मगच आकडा ठरवू, असं तो म्हणाला, आणि निदेशकांनी ते मान्य केलं.